सफरचंदाची डावी फोड

शरयूमावशी आमच्या घरात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात सफरचंद होतं आणि दुसऱ्या हातात लिंबू. डमडमच्या त्या फ्लॅटमध्ये आमचं सामान आदल्याच दिवशी येऊन पडलं होतं. बदलीच्या नोकरीत सामान लावण्यापेक्षा बांधण्याची सवय जास्त, त्यामुळे मी आणि वंदना खोक्यांच्या मधोमध बसून आधी काय उघडायचं यावर भांडत होतो. दारात पांढरे केस, सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट अशा एक बाई उभ्या राहिल्या.

"खाली राहते. तुमच्या खोक्यावर 'लोणचं, उलटं धरू नये' असं मराठीत लिहिलेलं दिसलं, म्हणून वर आले. सुरी आहे का?"

सुरी शोधायला तीन खोकी उघडावी लागली. मावशींनी सफरचंदाच्या दोन फोडी केल्या, उजव्या फोडीवर लिंबू पिळलं, डावी तशीच ठेवली आणि वंदनाला म्हणाल्या, "आता चहा कर. चहा खाऊन होईपर्यंत दोघींकडे बघायचं नाही." चहा पिऊन झाला. डावी फोड तपकिरी पडली होती, उजवी पांढरी होती.

"ही डावी म्हणजे तुझ्या रक्तवाहिन्या," त्या मला म्हणाल्या. "वय काय तुझं?"

मी सांगितलं.

"मग याहून तपकिरी."

"आणि उजवी?" वंदनाने विचारलं.

"ती माझी." असं म्हणून त्यांनी उजवी फोड खाल्ली आणि डावी माझ्या हातावर ठेवली. ओळख झाली.

मी एका सरकारी विमा कंपनीत नोकरी करतो. माणूस किती जगेल, आणि जगणार नसेल तर आम्हांला केवढ्याला पडेल, या विचारात माझा दिवस जातो. त्यामुळे आकडा दिसला की मला बरं वाटतं आणि उपमा दिसली की मी सावध होतो. सफरचंदाला हृदय नसतं, त्याच्यात रक्त फिरत नाही, हे मी त्या पहिल्याच दिवशी म्हणालो होतो. त्यावर मावशी म्हणाल्या होत्या, "तुझ्यात तरी फिरतं की नाही ते बघायला हवं."

शरयूमावशींचा जन्म कोलकात्यातला. वडील बजबजच्या तेलाच्या डेपोत नोकरीला आले आणि परत गेले नाहीत. यजमान खिदिरपूरला कस्टम्समध्ये होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी पुण्यात. ती रोज फोन करून आईची तब्येत विचारायची आणि स्वतःच्या तब्येतीवर व्याख्यान ऐकून फोन ठेवायची. मावशींनी जन्मभर मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून मासेवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना 'दिदिमोनी' म्हणत. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध होतं. फक्त चहा, पाणी आणि सिगारेट या तिन्ही गोष्टी, बंगालीच्या संगतीने, त्या 'खात' असत. सिगारेट त्या दुसऱ्याच्या बाबतीत म्हणायच्या, हे नमूद करतो.

मधुमेह त्यांना पन्नाशीपासून होता. "मला डायबिटिस झालेला नाही," त्या म्हणत. "डायबिटिसला मी झालेय." त्यांचा सिद्धान्त असा: साखर बिचारी निरपराध आहे. खरा गुन्हेगार गंज. रक्तात साखर वाढली की वाहिन्या आतून गंजतात, मग डोळे जातात, मूत्रपिंड जातं, पाय जातात. तेव्हा साखरेशी भांडू नका, गंज थांबवा. गंज थांबवणारी ती अँटिऑक्सिडंट, म्हणजे व्हिटॅमिन सी आणि ई. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरपूड असावी तशा दोन बाटल्या कायम असत. पानात छेन्याचा गोड संदेश, ती बंगाली मिठाई, वाढून घेतला की बाजूला एक केशरी गोळी आणि एक तेलकट कॅप्सूल ठेवली जाई. आधी संदेश, मग गोळ्या. "चोर आला की पोलीस. आधीच पोलीस बोलावून काय करायचे?" हिवाळ्यात खजुराचा नवा गूळ आला की संदेश वाढत आणि त्याच प्रमाणात पोलीसही.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर सान्याल त्यांच्या एका विद्यार्थिनीचा मुलगा. ते मावशींपुढे चळाचळा कापत, पण खरं बोलायचं सोडत नसत. "दिदिमोनी, कागदावर तुमचं बरोबर आहे," ते एकदा माझ्यासमोर म्हणाले. "साखरेमुळे तसं नुकसान होतं हे खरं. म्हणूनच लोकांनी हजारो रोग्यांना या गोळ्या देऊन बघितल्या. हार्ट अटॅक तेवढेच आले, पायही तेवढेच गेले. भाज्या खा, फळं मोजून खा. पण वाहिन्या वाचवायच्या तर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांनाच धरावं लागतं."

"त्या हजारोंमध्ये माझ्यासारखी कुणी होती का?"

डॉक्टरांनी हात जोडले. "आपनार मतो केऊ नेई, दिदिमोनी."

"ऐकलंस?" मावशी मला म्हणाल्या. "माझ्यासारखं कुणी नाही म्हणतोय. म्हणजे त्याची चाचणी मला लागू नाही." रस्ता ओलांडून त्यांनी विजयोत्सवाचा रसगुल्ला खाल्ला.

साखर मोजायची त्यांची पद्धतही स्वतःची होती. बोटाला टोचून आकडा दाखवणारं यंत्र मुलीने पुण्याहून पाठवलं होतं, त्याचा खोका त्यांनी फोडला नव्हता. "यंत्राच्या आत काय चाललंय ते मला दिसत नाही. आणि आकडा काय, कुणीही लिहितं. रंग यावा लागतो." त्या लघवीच्या पट्ट्या वापरत. पट्टी बुडवायची, साखर उतरत असेल तर पिवळा तुकडा हिरवा होतो, फार असेल तर तपकिरी. जुन्या पिढीच्या शिक्षिकेला रंग बदलताना बघण्यात जो आनंद असतो तो मला माहीत नाही, पण रंग न बदलण्यातला त्यांचा आनंद मी पाहिला आहे. रोज सकाळी मी ऑफिसला निघालो की त्या खिडकीतून पिवळी पट्टी हलवून दाखवत, विमानतळावर झेंडी दाखवावी तशी. पट्टी पिवळी म्हणून त्यांनी डॉक्टरांच्या मधुमेहाच्या गोळ्या हळूहळू निम्म्यावर आणल्या होत्या. शेजाऱ्यांनी सकाळी सकाळी अशी पट्टी बघावी का, हा प्रश्न त्यांना पडत नसे.

डमडम भागातल्या मराठी मंडळींचं एक मंडळ आहे. त्यात सभासदांपेक्षा समित्या जास्त. बँका आणि सरकारी कंपन्यांमधून बदलून येणारी कुटुंबं येतात, अध्यक्ष होतात, बदलून जातात. मावशी तिथल्या तिथे. गणपतीत प्रसाद-समिती म्हणजे मावशी एकट्या. त्या वर्षी आरतीच्या आधी प्रसादाच्या कपाटाची किल्ली नाहीशी झाली. आत मोदक, बाहेर मंडळ. मावशींनी चौकशी हातात घेतली. खजिनदारांचे खिसे उलटे केले, गुरुजींना आसनावरून उठवून आसन झटकलं, दोन वेळा बाजारापर्यंत जाऊन नारळवाल्याचं पोतं तपासलं. शेवटी वॉचमनने कुलूप तोडलं. "या मंडळात कुणाला कशाचं भान नाही," असं सुनावून त्या घरी आल्या.

संध्याकाळी त्यांनी आमच्याकडे बसून बूट काढले. उजव्या बुटातून किल्ली खाली पडली.

झालं होतं असं, की मांडवाच्या बाहेर चपला-बूट ठेवायच्या फळीवर खिळा होता आणि किल्ली त्या खिळ्याला होती. ती खाली पडली ती मावशींच्या बुटात. मग दुपारभर मावशी किल्ली पायाखाली घेऊन किल्ली शोधत हिंडल्या. वंदनाने त्यांचा पाय उचलून पाहिला. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली किल्लीचे दाते उमटले होते आणि मोजा रक्ताने चिकटला होता.

"मावशी, दुखत नाहीये?"

"नाही तर," मावशी म्हणाल्या. त्यांनी किल्ली उचलून पदराला पुसली. मग म्हणाल्या, "मंडळाला फोन कर. सांग, सापडली. कुठे ते सांगू नकोस."

आम्ही हसलो. त्याही हसल्या. पण मी आयुष्यभर लोकांचे वैद्यकीय कागद वाचत आलो आहे. माझं हसू लवकर संपलं. डॉक्टर सान्याल तर हसलेच नाहीत. पायाला कळेनासं झालं आहे आणि बोटापर्यंत रक्तही नीट पोचत नाही, असं त्यांनी सांगितलं. रोज ड्रेसिंग करा, साखर आटोक्यात आणा, रक्त तपासून घ्या. मावशींनी ड्रेसिंग केलं, रक्ताची तपासणी पुढे ढकलली आणि व्हिटॅमिन सी दुप्पट केलं. गंमत म्हणजे त्यानंतर पट्ट्या आणखीच पिवळ्याधमक यायला लागल्या. नवा गूळ बाजारात आला होता, संदेश जोरात होते, तरी पट्टी पिवळी. "बघ," त्या मला म्हणत, "आता तर माझं शरीर साखर बाहेर दिसूही देत नाही."

हे वाक्य त्यांनी अभिमानाने म्हटलं होतं.

संक्रांत आली. मावशी दरवर्षी हळदीकुंकू करत. मंडळातल्या एक-दोन बायकांना ते खटकायचं, कारण यजमान नव्हते. "नवरा गेला, हळद संपली नाही," हे मावशींचं त्यावर उत्तर. बाकी बायका वाण म्हणून वाट्या, गाळण्या आणि प्लास्टिकच्या डब्या लुटतात. त्या वर्षी मावशींनी व्हिटॅमिनं लुटली. केशरी गोळ्यांची बाटली, कॅप्सूलचं पाकीट, झाकणावर हळदीकुंकवाचं बोट. "तुमच्या स्वयंपाकघरात गाळण्या पुष्कळ झाल्या. रक्तवाहिन्यांत काय आहे?" असं म्हणत त्यांनी प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ आणि बाटली ठेवली. त्यातल्या साने वहिनींचा मधुमेह नुकताच निघाला होता. त्यांचे यजमान बँकेत, घरात नवीन आजाराचं दडपण, त्यामुळे मावशींचा शब्द त्यांना देवाचा वाटे. त्यांना पट्ट्यांची डबीही मिळाली आणि सूचनाही: सकाळी बुडवायची, पिवळी राहिली तर डॉक्टरांची गोळी निम्मी करायची.

त्या आठवड्यात मावशींचं ते बोट काळं पडलं.

डॉक्टर सान्याल स्वतः घरी आले. त्यांनी स्वतःच रक्त काढून तपासायला पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन आले. बोट काढावं लागेल, ते म्हणाले. ते ठीक आहे, माणसाला दहा असतात. पण तीन महिन्यांची सरासरी साखर भयंकर आली आहे. ती अशीच राहिली तर जखम भरणार नाही, मग बोटावर भागणार नाही, घोट्यापर्यंत जावं लागेल, कदाचित गुडघ्यापर्यंत. इन्शुलिन आजपासून. मावशी म्हणाल्या, लॅबने बाटल्या बदलल्या असणार. त्या नमुन्यात त्यांना कुठल्यातरी मिठाईवाल्याचं रक्त दिसत होतं. "माझी पट्टी आज सकाळीच पिवळी होती. इन्शुलिन घेणार नाही, बोटाला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. डॉक्टर चिडले नाहीत. शाळेत मार खाल्लेल्या आईचा तो मुलगा. त्याने फक्त रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि तो गेला.

तासाभराने मावशी जिना चढून वर आल्या. एक एक पायरी बसत आल्या असाव्यात. एका हातात रिपोर्ट, दुसऱ्या हातात पट्ट्यांची डबी.

"सुहास, तू विमावाला. खोटा क्लेम ओळखणं तुझं काम. या दोघांतलं खोटं कोण बोलतंय?"

मी दोन्हीकडे बघितलं. "मावशी, दोन्ही एका वेळी खरे असू शकत नाहीत एवढं मी सांगतो. लॅबने चूक केली असेल."

"केलीच आहे."

"किंवा पट्टीने."

"पट्टी कशाला खोटं बोलेल? तिला कुणी कमिशन देतं का?"

"मला कुठे माहीत," मी म्हणालो. "मला तर ती रंग कसा बदलते तेही माहीत नाही. काय असतं त्या तुकड्यात?"

हा प्रश्न मी काही हुशारीने विचारला नव्हता. खरोखरच माहीत नव्हतं. पण शिक्षकाला प्रश्न विचारला की तो आजारी राहत नाही. मावशी खुर्चीत सरळ बसल्या, पट्टी वर धरली आणि वर्गात बोलावं तशा बोलायला लागल्या. "सोपं आहे. साखर इथे आली की या तुकड्यातलं एन्झाइम तिचं ऑक्सिडेशन करतं. त्यातून पेरॉक्साइड तयार होतं. ते पेरॉक्साइड मग या रंगाच्या द्रव्याचं ऑक्सिडेशन करतं, म्हणून रंग येतो. म्हणजे सगळं ऑक्सिडेशनवर..."

त्या थांबल्या. पट्टी तशीच हवेत होती.

"ग्लुकोजची पावडर आहे का घरात?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम साधा होता.

उन्हाळ्यात आणलेला डबा होता. मावशींनी दोन ग्लासांत पाणी घेतलं, दोन्हींत ग्लुकोज ढवळलं. पिशवीतून आपली केशरी गोळी काढली, चमच्याखाली चिरडली आणि उजव्या ग्लासात टाकली. मग दोन्हींत एक एक पट्टी बुडवली. वंदना कणकेचे हात तसेच घेऊन येऊन उभी राहिली. डावीकडची पट्टी हिरवी झाली, गडद झाली, तपकिरी झाली. उजवीकडची पिवळीच राहिली. मावशींनी आणखी एक पट्टी उजव्या ग्लासात बुडवली. तीही पिवळी. ग्लासात साखर इतकी की तळाला दिसत होती.

"सफरचंदासारखं," वंदना हळूच म्हणाली.

"हुबेहूब," मावशी म्हणाल्या. "मी एवढ्या गोळ्या खात होते, त्यातल्या निम्म्या लघवीतून बाहेर जात होत्या. तिथे जाऊन त्या पट्टीचा रंग अडवत होत्या. डोस वाढवला तशी पट्टी आणखी पिवळी. मी म्हणाले, बरी होतेय."

"म्हणजे गोळ्यांनी गंज थांबवला तर," मी म्हणालो. अशा वेळी माणसाने काय बोलावं हे मला कधीच सुचत नाही.

"थांबवला ना. पट्टीचा थांबवला. पट्टीचे दोन्ही पाय शाबूत आहेत." आणि त्या इतक्या जोरात हसल्या की आम्हांलाही हसावं लागलं. मग रिपोर्टाकडे बघून म्हणाल्या, "ऑक्सिडेशन मी आयुष्यभर शिकवलं रे. हा प्रश्न नववीच्या पेपरात घातला असता मी."

मी डॉक्टरांना फोन करायला उठलो. हॉस्पिटलमध्ये खाट दुसऱ्या दिवशीची मिळाली. मावशी इन्शुलिनला हो म्हणाल्या, बोटालाही हो म्हणाल्या, पण आत्ता नाही म्हणाल्या. मी वैतागलो. आता काय राहिलंय?

"वाण," मावशी म्हणाल्या. "साने गोळी निम्मी करून बसली असेल. बाकीच्याही खात असतील. परत आणायला हवं."

"फोन करू सगळ्यांना."

"वाण दिलं हाताने. फोनवर परत घेऊ?"

"मावशी, वाण परत घेत नाहीत," वंदना म्हणाली. "असं कुणी केलेलं मी ऐकलं नाही."

"मग आता ऐक. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं ना? अजून मुदत आहे."

शेवटी मी तडजोड केली: पाय जमिनीला लावायचा नाही. इमारतीखालून एक टोटो भाड्याने घेतली. बॅटरीवर चालणाऱ्या त्या तीनचाकीत मावशींना बसवलं, पाय समोरच्या बाकावर उशीवर ठेवला, शेजारी वंदना, आणि मी ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा बाहेर. वाटेत भांड्यांच्या दुकानातून स्टीलच्या वाट्या घेतल्या, कारण रिकाम्या हाताने मागायला जायचं नाही, असा मावशींचा हट्ट. मग एकेका इमारतीखाली टोटो उभी राहायची, मी वर जाऊन बेल वाजवायचो आणि बाई खाली यायची. मावशी टोटोतूनच तिला हळदीकुंकू लावायच्या, वाटी द्यायच्या, बाटली मागायच्या.

"मी चुकले," प्रत्येकीला त्या हेच सांगत होत्या. आवाज न चोरता, टोटोवाल्याला ऐकू जाईल असं. "या गोळ्यांनी वाहिन्या वाचत नाहीत. आणि वर पट्टी खोटी बोलते. बाटली दे, ही वाटी घे. आणि रक्त तपास."

काहींनी बाटली उघडलीच नव्हती; एकीने ती मोलकरणीला दिली होती, ती वसूल करायला आणखी एक फेरी झाली. साने वहिनी मात्र बाटली पदराआड धरून उभ्या राहिल्या.

"मावशी, मला फरक पडलाय. पट्टी रोज पिवळी असते. मी तर डॉक्टरांची गोळी बंदच केली परवापासून."

"म्हणूनच आले. पट्टी पिवळी असते ती या बाटलीमुळे. साखर आहे तिथेच आहे. डॉक्टरांची गोळी आज सुरू कर, उद्या सकाळी रक्त दे."

"पण वाण परत देणं अशुभ नाही का?"

मावशींनी पायावरची चादर दूर केली. बँडेजच्या टोकातून ते काळं बोट दिसत होतं. "अशुभ कशाला म्हणतात ते बघून घे. मीही पिवळ्या पट्टीवर विश्वास ठेवला. माझं हे एक बोट जाणार, तुझी दहाच्या दहा राहायला हवीत. दे."

साने वहिनींनी बाटली दिली. मग तिथेच, रस्त्यावर, त्या रडायला लागल्या. मावशींनी त्यांच्या हातात वाटी ठेवली, वर तिळगुळाचा डबा उघडला, क्षणभर विचार केला आणि तो पुन्हा बंद केला. "तुला नको. मलाही नको. गोड न खाता गोड बोलू या."

बोट गेलं. पाय राहिला. शुद्धीवर आल्यावर मावशींनी डॉक्टर सान्यालना विचारलं, ते बोट कुठे आहे. तपासणीला पाठवलंय म्हटल्यावर म्हणाल्या, "नीट लेबल लाव. लॅबवाले बाटल्या बदलतात." पुढे महिनोन्‌महिने इन्शुलिन चाललं, बीपीची गोळी चालली, मुलीने पाठवलेल्या यंत्राचा खोका अखेर फुटला. रोज सकाळी खिडकीतून आता मला आकडा ऐकू यायचा. "एकशे बत्तीस. खूश झालास ना? आकड्यांचं राज्य आलं." संदेश सुटला असं मी लिहिणार नाही. नव्या गुळाच्या दिवसांत तो अर्धा झाला आणि उरलेला अर्धा माझ्या ताटात येऊ लागला.

पुढच्या गणपतीत त्यांनी मंडळात ठराव मांडला: मधुमेह असलेल्यांना मांडवात मोजे आणि मऊ चपला चालतील. गुरुजी म्हणाले, देवासमोर पादत्राणं कशी चालतील. मावशींनी मोजा काढून पाय पुढे केला. "तुमच्या देवाचा एक दात तुटलाय, माझं एक बोट. आम्हां दोघांचं जमेल. तुम्ही मध्ये पडू नका." ठराव मंजूर झाला; कुणी विरोध केला नाही, म्हणून एकमताने, असं लिहिलं गेलं. शिवाय चपलांच्या फळीवर पाटी लागली: 'घालण्याआधी झटका.' तो किल्लीचा खिळा मावशींनी स्वतः उपटून काढला.

परत आणलेल्या बाटल्यांचं काय केलं, हा प्रश्न वंदनाला वर्षभर पडला होता. संक्रांतीला उत्तर मिळालं. हळदीकुंकवाला मावशींकडे मोठ्या परातीत सफरचंदाच्या फोडी होत्या. बायका येत होत्या, जात होत्या, दुपार टळली, आणि फोडी पांढऱ्याशुभ्र. मावशींनी गोळ्या पाण्यात विरघळवून फोडी त्यात बुडवून काढल्या होत्या.

"औषध वाईट नव्हतं," त्या म्हणाल्या. "पेशंट चुकला होता."

त्यानंतरच्या वर्षी, दुर्गापूजा होऊन गेल्यावर, एका दुपारी जेवून पडल्या असताना मावशी गेल्या. हृदय थांबलं. गंज तिथेही असणारच. काही नुकसान आधीच होऊन गेलेलं असतं, असं डॉक्टर सान्याल म्हणाले. पुण्याहून मुलगी येईपर्यंत आम्ही बसलो होतो. डॉक्टरांनी पायाशी जाऊन नमस्कार केला, चादर वर सरकली होती ती ओढताना थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "नऊ बोटं. वाचवली आपण." आणि मग हे वाक्य मावशींनी ऐकलं असतं तर काय म्हणाल्या असत्या, ते दोघांच्याही एकदमच मनात आलं असावं, कारण आम्ही त्या शांत खोलीत तोंडावर हात धरून हसलो.

गेल्या वर्षी माझ्या स्वतःच्या साखरेचा आकडा रेषेच्या वर गेला. ऑफिसातल्या एकाने लगेच अँटिऑक्सिडंटची बाटली आणून दिली, मी ती त्याला परत केली, आणि बदल्यात सफरचंद दिलं. आता रोज सकाळी निघताना मी बूट उलटे करून जमिनीवर आपटतो. काही पडत नाही. मावशींच्या आधी मी तेवढ्यावर बूट चढवले असते. आता मी खाली बसतो, आत हात घालतो आणि टोकापर्यंत बोटांनी चाचपून बघतो. मग पायांकडेही बघतो, तळव्याखाली आरसा धरून. वंदना म्हणते, कुणी बघितलं तर काय म्हणेल. मी म्हणतो, दाराशी मावशी उभ्या असत्या तर विचारलं असतं, डावा बघितलास का?